आमराई की जळोची? घर बघताना आधी काय तपासावं

माळेगाव बुद्रुकची जी बौद्ध कुटुंबं बारामतीत घर बघतात, त्यांच्याशी बोलताना आम्हाला दोन नावं पुन्हा पुन्हा ऐकू येतात. शहरातली जुनी आमराई आणि नगरपरिषदेच्या हद्दीत नंतर आलेली जळोची. चर्चा लगेच भावावर येते. आम्ही भाव शेवटी विचारायला सांगतो.

आमराईत आपली माणसं आहेत. रात्री मूल आजारी पडलं तर कोणाचं दार वाजवायचं, हा प्रश्न नसतो. आडनावाचा खुलासा करावा लागत नाही. पण कोणत्याही जुन्या वस्तीत घर विकत घेताना घरपट्टीची पावती दाखवली जाते आणि घेणारा निश्चिंत होतो. पावती म्हणजे मालकी नव्हे. मिळकत पत्रिका आणि नोंदणीकृत खरेदीखत पाहिल्याशिवाय विसार देऊ नये.

नव्या भागात सातबारा, बिगरशेती आदेश, मंजूर नकाशा हे कागद मागितले की मिळतात, निदान मिळायला हवेत. तिथली अडचण वेगळी. फोनवर रिकामी असलेली खोली आडनाव कळल्यावर 'पाहुण्यांना दिलेली' असते. प्रा. सुखदेव थोरात आणि सहकाऱ्यांनी दिल्ली परिसरात केलेल्या, 2015 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासातही दलितांना असेच नकार मिळाल्याचं दिसलं. मुस्लिमांना त्याहून जास्त. वस्ती सोडली म्हणून आपलेच लोक टोमणे मारतात, ते निराळं. (बाबासाहेबांनी राजगृह बांधलं ते दादरच्या हिंदू कॉलनीत.)

आमचं मत, जळोचीत घ्यायचं असेल तर आधी अकरा महिने भाड्याने राहा. पाणी किती वाजता येतं, पावसात रस्त्याचं काय होतं, साखर कारखान्यातल्या रात्रपाळीहून परतायला वाहन मिळतं का, शेजारची मुलं आपल्या घरी जेवतात का, हे तेवढ्यात कळतं. करार तोंडी नको. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999 च्या कलम 55 प्रमाणे तो लेखी व नोंदणीकृत हवा आणि नोंदणीची जबाबदारी घरमालकाची आहे.

सदनिका घेतल्यावर सोसायटी सभासदत्व अडवू लागली तर सहकार कायदा आठवा. पात्र व्यक्तीला पुरेशा कारणाशिवाय नाकारता येत नाही आणि तीन महिन्यांत निर्णय कळवला नाही तर सभासदत्व मिळाल्याचं मानलं जातं. अर्जाची पोच मात्र तारखेसह घ्या, नाहीतर ते तीन महिने कधी सुरू झाले हेच सिद्ध करता येत नाही.