तुरीचे कोणते जनुक काय करते?

धाराशिव जिल्ह्यातील लोहारा तालुक्यासारख्या तूर पिकविणाऱ्या भागात पीक फुलोऱ्यावर आले, की शेतकऱ्याची नजर फुलांआधी कोमेजलेल्या झाडांकडे जाते. हिरवे झाड उभ्याउभ्या वाळते आणि खोड चिरून पाहिले तर आत काळपट रेषा दिसतात. हाच मर रोग. त्याची बुरशी जमिनीत वर्षानुवर्षे तग धरते आणि मुळांवाटे झाडात शिरते. बदनापूरच्या कृषी संशोधन केंद्राचा ‘बीएसएमआर ७३६’ हा वाण या रोगाला सहसा बळी पडत नाही. त्याला हे बळ कोणत्या जनुकामुळे मिळते, हा प्रश्न मात्र बराच अवघड आहे.

तुरीच्या जनुकसंचाचा आराखडा २०११ मध्ये ‘आशा’ या वाणावरून प्रसिद्ध झाला. हैदराबादजवळील ‘इक्रिसॅट’च्या पुढाकाराने झालेल्या कामात ४८,६८० जनुके असल्याचा अंदाज निघाला. परंतु ही झाली घरांची यादी. कोणत्या घरात कोण काय करतो, हे यादीवरून कळत नाही.

ते कळण्याचा सरळ मार्ग म्हणजे एकेक जनुक बंद पाडून पाहणे. २०१२ मध्ये पुढे आलेल्या ‘क्रिस्पर’ तंत्रात मार्गदर्शक आरएनए नेमकी जागा शोधतो आणि ‘कॅस ९’ हे विकर तेथे डीएनए कापते. पेशी तो तुटलेला भाग घाईने जोडते. त्यात एखादे अक्षर गळते वा वाढते आणि जनुक निकामी होते. रोगप्रतिकारक वाणातील संशयित जनुक असे मोडावे व ते रोप मर रोगाच्या मातीत लावावे. रोप वाळले आणि न मोडलेले भावंड टिकले, तर त्या जनुकाविरुद्ध, खरे तर त्याच्या बाजूने, भक्कम पुरावा मिळाला. म्हणजे येथे प्रयोगाचे यश रोप आजारी पडण्यात असते! अर्थात, एका जनुकाचे काम दुसरेही करीत असेल, तर काहीच फरक दिसत नाही.

भातात या ज्ञानाचे फळ दिसले आहे. लोंबीतील दाण्यांच्या संख्येवर लगाम ठेवणारे एक जनुक जपानी शास्त्रज्ञांनी २००५ मध्ये ओळखले. तेच संपादित करून हैदराबादच्या भारतीय तांदूळ संशोधन संस्थेने ‘सांबा मसुरी’पासून ‘कमला’ हा वाण तयार केला. मे २०२५ मध्ये तो जाहीर झाला.

तुरीची अडचण निराळी आहे. संपादन पेशीत होते, पण त्या पेशीपासून प्रयोगशाळेत पुन्हा सबंध रोप उभे करणे तुरीत फार जिकिरीचे ठरते. त्यामुळे मर रोगाच्या बुरशीने मुद्दाम भरलेल्या वाफ्यात रोपे लावायची आणि जी जगतील ती निवडायची, ही जुनी पद्धतच पैदासकारांच्या अधिक कामी येते.