रात्री नऊ ते अकराची पाळी

लेखमाला ‘पडद्यामागची यंत्रे’ : भाग सहावा

१९ नोव्हेंबर २०२३. अहमदाबादला भारत-ऑस्ट्रेलिया विश्वचषकाचा अंतिम सामना रंगला होता आणि एका क्षणी हॉटस्टारवर तो एकाच वेळी ५ कोटी ९० लाख जण पाहत होते. त्या आकड्याची जगभर चर्चा झाली, आणि ती रास्तच होती. पण या ५ कोटी ९० लाखांऐवजी फक्त एक लाख लोकांना त्याच वेळी क्लाउडवरून मोटारींची शर्यत खेळायची असती, तर हॉटस्टारची ती सारी जमवाजमव त्यांच्या फारशी कामी आली नसती.

कारण सामना सगळ्यांना सारखाच दिसतो. चित्र एकदा तयार झाले की त्याच्या प्रती शहरोशहरीच्या सर्व्हरवर ठेवता येतात आणि एकेक सर्व्हर हजारोंना पुरतो. खेळात तसे नाही. डोंबिवलीतल्या मुलाने गाडी डावीकडे वळवली आणि कळव्यातल्या मुलीने उजवीकडे, की दोघांची चित्रे वेगळी झाली. प्रत्येक चित्र त्या क्षणी नव्याने काढावे लागते, सेकंदाला साठ वेळा, आणि ते फक्त एकाच माणसाच्या उपयोगाचे असते. ध्वनिमुद्रिका लाखो घरांत वाजते. बैठकीला मात्र गायक समोर बसलेला लागतो. क्लाउड गेमिंगमध्ये दर श्रोत्यामागे एक गायक बसवावा लागतो आणि सगळा खर्च तिथेच आहे.

मागच्या भागात केबल आणि राउटरपर्यंतचा प्रवास झाला. या वेळी प्रश्न यंत्रांच्या संख्येचा. किती यंत्रे लागतील, ती कुठे ठेवायची आणि उरलेल्या वेळात त्यांचे काय करायचे? उत्तर हवेत राहू नये म्हणून ठाण्यातल्या वागळे इस्टेटमध्ये एक कल्पित कंपनी उभी करू. रोड नंबर २२ च्या सर्कलजवळ, जुन्या शेडच्या जागी उभ्या राहिलेल्या आयटी इमारतीत तिचे कार्यालय आहे. ठाणे, कल्याण आणि डोंबिवलीतल्या लोकांना महिन्याच्या वर्गणीत भारी खेळ त्यांच्या साध्या लॅपटॉपवर, टीव्हीवर किंवा फोनवर खेळता यावेत, एवढाच तिचा व्यवसाय.

समजा, वर्गणीदार २० हजार झाले. हे सगळे एका वेळी येत नाहीत. सकाळी शाळा-कॉलेज-ऑफिस, संध्याकाळी लोकलची गर्दी, मग जेवण. गर्दी होते ती रात्री नऊ ते अकरा. त्या वेळी वीस वर्गणीदारांमागे एक जण खेळत असेल असे धरले, तर एका वेळचे खेळाडू झाले एक हजार. यंत्रे या हजारांच्या हिशेबाने घ्यायची, २० हजारांच्या नव्हे. हा अंदाज चुकला की धंदा चुकतो, आणि तो दोन्ही बाजूंनी चुकू शकतो.

अमेरिकेतली ऑनलाइव्ह ही कंपनी याचे सर्वांत ठसठशीत उदाहरण. जून २०१० मध्ये तिने सेवा सुरू केली. तंत्र काळाच्या पुढचे होते. पण गर्दी येणार या भरवशावर तिने हजारो सर्व्हर आधीच मांडून ठेवले. ऑगस्ट २०१२ मध्ये कंपनीची मोडतोड झाली आणि सगळ्या कर्मचाऱ्यांना काढावे लागले, तेव्हा आलेल्या बातम्यांनुसार एका वेळी खेळणाऱ्यांचा तिचा उच्चांक जेमतेम १,६०० होता. नव्या मालकाकडे सेवा कशीबशी तग धरून होती, ती ३० एप्रिल २०१५ ला बंद पडली. गूगलची स्टेडिया नोव्हेंबर २०१९ मध्ये आली आणि १८ जानेवारी २०२३ ला मिटली. भारतात ती कधी आलीच नाही. पैशाची किंवा तंत्राची वाण गूगलला नव्हती. पुरेसे खेळणारे आले नाहीत आणि यंत्रे मात्र त्यांच्यासाठी तयार ठेवावी लागली.

उलट टोक रांगेचे. एनव्हिडियाच्या जिफोर्स नाऊ या सेवेत फुकट खेळणाऱ्यांना रांगेत थांबावे लागते आणि तासाभराने पुन्हा रांगेच्या शेपटाला जावे लागते. पैसे भरणाऱ्यांनाही तिने महिन्याला शंभर तासांची मर्यादा घातली. लोक यावर चिडतात. पण रिकामी यंत्रे पोसून सगळ्यांची सेवा बंद पाडण्यापेक्षा ‘तुमचा नंबर बारावा आहे’ असे स्पष्ट सांगणारी रांग प्रामाणिक आहे. वागळे इस्टेटच्या कंपनीनेही हजारांऐवजी आठशेंची सोय करून दोनशेंना काही मिनिटे थांबवायचे ठरवले, तर त्यात कमीपणा नाही.

आता खुद्द यंत्रे. पहिला मोह असा होईल की लॅमिंग्टन रोडवरून खेळासाठीची ग्राफिक्स कार्डे घाऊक आणावीत आणि रॅकमध्ये बसवावीत. ते चालत नाही. जिफोर्स जातीची कार्डे डेटा सेंटरमध्ये लावायला एनव्हिडियाच्या सॉफ्टवेअर-परवान्यातच मनाई आहे. डेटा सेंटरसाठीची वेगळी कार्डे घ्यावी लागतात. त्यांतले एल-४ हे कार्ड २४ जीबी मेमरीचे असून अवघ्या ७२ वॉटवर चालते. त्याचे काम दुहेरी आहे : खेळाचे चित्र काढायचे आणि ते लगोलग व्हिडिओत दाबून बाहेर पाठवायचे. हे दुसरे काम त्याच चिपवरच्या खास भागात होते. चित्र एका ठिकाणी काढून दुसरीकडे दाबायला न्यावे लागले असते, तर तेवढ्यातच खेळाची लय गेली असती.

इथे एक गोष्ट आवर्जून सांगायला हवी, कारण हल्ली ‘जीपीयू’ शब्द ऐकला की सगळी कार्डे एकच वाटू लागतात. पनवेलच्या योट्टा डेटा सेंटरमध्ये २०२४ साली एनव्हिडियाची एच-१०० कार्डे हजारांनी आली, तेव्हा देशाला अभिमान वाटला. ही कार्डे कृत्रिम बुद्धिमत्तेच्या कामात अजोड आहेत. पण त्यांच्यावर व्हिडिओ दाबणारा भागच नाही आणि चित्र काढण्याची कुवत नावापुरती आहे. म्हणजे एआयची यंत्रे रात्री रिकामी असली तरी खेळाला उसनी घेता येणार नाहीत. खेळासाठी कार्ड वेगळेच घ्यावे लागते.

एका कार्डावर किती खेळाडू बसतील, हे खेळावर ठरते. साधा फुटबॉलचा खेळ असेल तर तिघे-चौघे, भारी खेळ असेल तर एकच. अशी वाटणी मायक्रोसॉफ्टने मोठ्या कल्पकतेने केली. २०२० मध्ये सेवा सुरू करताना तिने घरात विकल्या जाणाऱ्या एक्सबॉक्स वन एसचेच बोर्ड सर्व्हरच्या पेटीत बसवले. पुढच्या पिढीची सिरीज एक्सची चिप मात्र अशी घडवली की तिच्या एकाच नगावर जुन्या यंत्राचे चार खेळ स्वतंत्र चालतात. चिप आखतानाच डेटा सेंटरचा विचार झाला होता. हीच सेवा नोव्हेंबर २०२५ मध्ये भारतात आली.

आपल्या कंपनीसाठी सरासरी एका कार्डामागे दोन खेळाडू धरू. हजारांसाठी ५०० कार्डे. एका सर्व्हरमध्ये चार, म्हणजे १२५ सर्व्हर. प्रोसेसर, मेमरी, पंखे धरून एका सर्व्हरला ८०० वॉट लागले, तर बेरीज १०० किलोवॉट. कोकणपट्टीच्या दमट उकाड्यात ही उष्णता बाहेर फेकायला आणखी निम्मी वीज, असे १५० किलोवॉट. एका खेळाडूला जाणारा व्हिडिओ सेकंदाला २५ मेगाबिटचा, म्हणजे हजारांना २५ गिगाबिट. हा शेवटचा आकडा ऐकून घाबरायचे कारण नाही. आजच्या फायबरला तो पेलतो. जड आहेत ते विजेचे आकडे.

मग हे सर्व्हर वागळे इस्टेटमध्येच, कार्यालयाखालच्या गाळ्यात का ठेवू नयेत?

अंतराच्या दृष्टीने तसा काहीच फायदा नाही. फायबरमध्ये प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर धावतो; शंभर किलोमीटर जाऊन परत यायला एक मिलिसेकंद. सिंगापूर मुंबईपासून सरळ रेषेतच ३,९०० किलोमीटरच्या आसपास आहे, म्हणजे निसर्गनियमानेच ३९ मिलिसेकंद गेले, आणि समुद्राखालची केबल सरळ जात नाही. जिफोर्स नाऊ स्वतः ८० मिलिसेकंदांच्या आत असावे म्हणून बजावते आणि ४० च्या आत असले तर उत्तम म्हणते. सिंगापूरच्या सर्व्हरवर खेळणाऱ्याचे ते चाळीस वाटेतच संपतात. चेन्नई चालण्यासारखी आहे. पण वागळे इस्टेट की खाडीपलीकडची ऐरोली, हा फरक मिलिसेकंदाच्या दहाव्या भागाइतका. तो कुठल्याही खेळाडूला कळणार नाही.

फरक पडतो तो विजेने. १ ऑगस्ट १९६२ ला महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची स्थापना झाली आणि वागळे इस्टेट ही त्याची पहिली वसाहत ठरली. ती आखली गेली लेथ, प्रेस, औषधे आणि इलेक्ट्रॉनिक्सच्या लहान-मध्यम कारखान्यांसाठी. अ‍ॅप्लॅबसारख्या कंपनीने इथे मापनयंत्रे, पॉवर सप्लाय आणि यूपीएस बनवले. देशातल्या कितीतरी संगणकांना अखंड वीज देणारी पेटी याच रस्त्यांवरून गेली आहे. पण स्वतः वसाहतीची घडण डेटा सेंटरची नाही. अरुंद रस्ते, शेजारी शेजारी गाळे, खेटून वाढलेली किसननगर-इंदिरानगरची वस्ती. तिथे दोन वेगळ्या दिशांनी हायटेन्शन जोडण्या आणणे, छपरावर चिलर आणि आवारात मोठे जनरेटर व डिझेलची टाकी ठेवणे फार अवघड. ऐरोली, रबाळे, महापे हा ठाणे-बेलापूर पट्टाही एमआयडीसीचाच, पण तिथले भूखंड मोठे आहेत आणि कळव्याचे ४०० केव्हीचे केंद्र शेजारी आहे. म्हणून सिफी, एनटीटी, कंट्रोल-एससारख्यांची डेटा सेंटरे तिथे उभी राहिली. कल्पित कंपनीने कार्यालय वागळे इस्टेटमध्ये ठेवावे आणि यंत्रांसाठी ऐरोलीत भाड्याने रॅक घ्यावेत. स्वतःचे डेटा सेंटर बांधण्याची हौस या टप्प्यावर महागात पडेल.

तरीही विजेचा भरवसा शंभर टक्के नसतो. १२ ऑक्टोबर २०२० ला सकाळी दहाच्या सुमारास कळवा-पडघे वाहिन्यांवरचा बिघाड वाढत गेला आणि मुंबई, ठाणे, नवी मुंबई एकदम अंधारात गेली. लोकल जागच्या जागी थांबल्या. अशा वेळी डेटा सेंटरमध्ये आधी यूपीएसच्या बॅटऱ्या भार उचलतात आणि काही सेकंदांत जनरेटर सुरू होतात. यंत्रे चालू राहतात. खेळणाऱ्याच्या घरचा राउटर मात्र बंद पडलेला असतो. म्हणून खेळ कुठवर आला होता याची नोंद सतत सर्व्हरवर होत राहणे, हा क्षमतेच्याच आखणीचा भाग आहे. वीज परत आली की पाच-सहाशे लोक एकाच मिनिटात पुन्हा दार ठोठावतात आणि तो लोंढा रात्री नवाच्या गर्दीपेक्षाही जड जातो.

वाटेचा आणखी एक बारीक मुद्दा. डोंबिवलीतल्या घराला एका कंपनीचे इंटरनेट आणि ऐरोलीच्या सर्व्हरला दुसऱ्या कंपनीचे असेल, तर माहिती वीस किलोमीटर जाण्याऐवजी चेन्नईला वळसा घालून येऊ शकते. अशी वळणे टाळण्यासाठीच २००३ मध्ये निक्सी ही एक्स्चेंजची व्यवस्था उभी राहिली आणि आज मुंबईत अशा अनेक जागा आहेत जिथे कंपन्या आपापसांत थेट देवाणघेवाण करतात. आपल्या कंपनीने तिथे जोडणी घ्यायलाच हवी आणि डोंबिवली-कल्याणातल्या स्थानिक केबलवाल्यांशीही थेट बोलावे. गल्लीतला फायबर त्यांच्याच हातात असतो. तक्रार आली की तारेवर चढणारा माणूसही त्यांचाच.

आता मूळ अडचण. नऊ ते अकरासाठी घेतलेली ५०० कार्डे उरलेले बावीस तास काय करतील? सकाळी अकरा वाजता त्यांतली बहुतेक रिकामी असतील, आणि रॅकचे भाडे, कर्जाचे हप्ते, देखभाल मात्र चालूच. ऑनलाइव्हला याच रिकाम्या तासांनी खाल्ले.

वागळे इस्टेटला हा प्रश्न नवा नाही. इथल्या कारखान्यांनी महागडे यंत्र तीन पाळ्यांत चालवले, कारण एका पाळीत त्याचा हप्ता फिटत नसे. ग्राफिक्स कार्डालाही दिवसपाळी देता येते. याच परिसरात वास्तुविशारद, पूल-रस्त्यांची आखणी करणारे सल्लागार, साचे बनवणारे टूलरूम आणि अ‍ॅनिमेशनची छोटी कार्यालये आहेत. त्यांना थ्री-डी आराखड्यांसाठी प्रत्येक टेबलावर भारी संगणक घ्यावा लागतो. तोच आराखडा ऐरोलीतल्या कार्डावर उघडून चित्र वागळे इस्टेटच्या साध्या पडद्यावर पाठवले, तर तंत्र तेच आहे जे खेळात वापरले जाते. एल-४ सारखी कार्डे दोन्ही कामांसाठी विकली जातात. सकाळी दहा ते संध्याकाळी सात आराखडे, मध्ये दोन तास बदलाचे, नऊनंतर खेळ, आणि मध्यरात्रीपासून पहाटेपर्यंत अ‍ॅनिमेशनच्या चित्रफिती तयार करण्याचे रेंगाळणारे काम.

हे वाटते तितके सरळ नाही. आराखडे कंपन्यांची गुपिते असतात, तेव्हा पाळी बदलताना कार्डाची मेमरी पुसली गेली याची खात्री द्यावी लागेल. शनिवार-रविवारी आणि दिवाळी-मेच्या सुट्टीत खेळणारे दुपारीच येतील. सुदैवाने तेव्हा बहुतेक कार्यालयेही बंद असतात. प्रकल्पाची मुदत जवळ आली की आराखडेवाले रात्री दहापर्यंत बसतील आणि त्यांचे कार्ड हिसकावून घेता येणार नाही; त्यासाठी शे-पन्नास कार्डे राखीव ठेवावी लागतील. शिवाय प्रत्येक खेळाच्या प्रकाशकाची परवानगी वेगळी. फेब्रुवारी २०२० मध्ये जिफोर्स नाऊ सर्वांसाठी खुली होताच अ‍ॅक्टिव्हिजन ब्लिझर्डने आपले खेळ तिथून काढून घेतले होते, तर वागळे इस्टेटच्या नवख्या कंपनीची काय कथा. पण दिवसपाळीचे गिऱ्हाईक आधी पक्के केले आणि सुरुवात ५०० ऐवजी ६० कार्डांनी, दोन रॅकमध्ये केली, तर हिशेब जमण्यासारखा आहे. रात्रीची रांग किती लांबते ते पाहत दर तिमाहीला कार्डे वाढवता येतील.

पुढील भागात : ऐरोलीच्या डेटा सेंटरमधली उष्णता कुठे जाते, आणि तिथल्या चिलरना पाणी कुठून येते.