संगणकीय करारनाम्यांचे तयार मसुदे

निपाणी, चिकोडी वा बेळगाव येथील उपनिबंधक कार्यालयाबाहेर बसणारा दस्तलेखक प्रत्येक खरेदीखतासाठी नवी भाषा शोधीत नाही. चतुःसीमा, मोबदला, ताबा, हरकत आल्यास तिचे निवारण करण्याची हमी ही कलमे त्याच्यापाशी ठरलेली असतात. नावे, सर्व्हे नंबर आणि रक्कम तेवढी बदलते. संगणकीय करारांच्या क्षेत्रातही आता हीच रीत रूढ झाली असून ‘ओपनझेपेलिन कॉन्ट्रॅक्ट्स’ हा मुक्तस्रोत मसुदासंग्रह तिचे ठळक उदाहरण होय.

ब्लॉकचेन म्हणजे अनेक संगणकांवर एकाच वेळी ठेवलेली खातेवही. एकाने आपल्या प्रतीत खाडाखोड केली, तर इतर प्रतींशी ती जुळत नाही. या वहीतच अटी लिहून ठेवता येतात आणि त्या पूर्ण होताच व्यवहार आपोआप पार पडतो. यास स्मार्ट कॉन्ट्रॅक्ट म्हणतात. असे करार चालविणारी ‘इथेरियम’ ही व्यवस्था जुलै २०१५ मध्ये सुरू झाली. तथापि एकदा वहीत गेलेला करार सहसा बदलता येत नाही. चूकही त्याच्याबरोबर कायम होते. जून २०१६ मध्ये ‘द डाओ’ नावाच्या सामाईक निधीत हेच घडले. तेथे पैसे आधी दिले जात व शिल्लक मागाहून वजा होई. पतसंस्थेच्या रोखपालाने नोंद करण्यापूर्वीच रक्कम द्यावी आणि त्याच माणसाने पुनःपुन्हा हात पुढे करावा, तसा हा प्रकार. सुमारे ३६ लाख इथर त्या फटीतून बाहेर गेले.

उपरोक्त संग्रहाचा आरंभ २०१६ सालचाच. अशी फट बुजविणारे कलम त्यात तयार मिळते. चलनवजा टोकन, एकमेव वस्तूचा दाखला, कोणास कोणता अधिकार, संकटसमयी व्यवहार थांबविण्याची सोय यांचे मसुदेही आहेत. ते सॉलिडिटी या संगणकभाषेत लिहिलेले असून कोणासही विनामूल्य वाचता, वापरता व बदलता येतात. मात्र परवान्यात हमी कसलीही नाही, हे अधिकाऱ्यांनी ध्यानी ठेवावे.

कलम हाताशी असूनही न वापरल्यास काय होते, ते एप्रिल २०१८ मध्ये ‘ब्यूटीचेन’ या टोकनाने दाखविले. त्याच्या करारात सुरक्षित अंकगणिताचा मसुदा होता, पण एका ओळीत साधाच गुणाकार केला गेला. संख्या मर्यादेबाहेर जाऊन शून्यावर आली आणि जवळ काही नसलेल्या व्यक्तीने अगणित टोकने निर्माण केली. डिसेंबर २०२० पासून सॉलिडिटी स्वतःच ही तपासणी करू लागली. त्यामुळे तो जुना मसुदा २०२३ च्या पाचव्या आवृत्तीतून वगळण्यात आला. जुनी प्रत उतरवून घेणाऱ्याने आवृत्ती पाहिलीच पाहिजे.

शासनव्यवहारात या खातेवहीचा प्रवेश झालाच आहे. गडचिरोली जिल्ह्यातील एटापल्ली येथे २०२२ साली जातीचे दाखले ब्लॉकचेनवर नोंदविण्याचा उपक्रम हाती घेण्यात आला. उद्या शेतमालाच्या खरेदीचे करारही असे होऊ शकतील. निपाणी भागाला भाव आणि चुकारा यांचे मोल वेगळे सांगावयास नको. १९८१ साली येथील तंबाखू उत्पादकांनी शरद जोशी यांच्या नेतृत्वाखाली भावासाठी मोठे आंदोलन केले होते. माल पोचताच रक्कम खात्यात जमा, अशी अट संगणक काटेकोर पाळील. पण तंबाखूची प्रत हातात पान घेऊन, वास घेऊन ठरते. ती प्रत व काट्यावरील वजन कोणीतरी माणूसच वहीत भरणार. नोंद खोटी असेल, तर उत्तम मसुदाही ती खोटी नोंदच इमानाने अमलात आणील.

यास्तव असा करार पुढे आल्यास मसुद्याची आवृत्ती कोणती, त्यात पदरची कलमे कोणती घातली, वजन व प्रत कोण नोंदविणार आणि व्यवहार थांबविण्याची किल्ली कोणाच्या हाती, हे चार प्रश्न आधी विचारावेत आणि त्यांची उत्तरे शेतकऱ्यास मराठीत लेखी मिळावीत. बेळगावात मुख्यालय असलेल्या विश्वेश्वरय्या तंत्रज्ञान विद्यापीठाच्या महाविद्यालयांतून संगणकशास्त्र शिकणारी मुले या भागात घरोघरी आहेत. मसुदा उघडून वाचून दाखविण्याचे काम ती सहज करू शकतील.