भूतानचं पर्यटन शुल्क: परमिटचे नियम हासुद्धा डेटाच

पर्यटन किंवा पर्यावरण धोरणावर रिसर्च प्रपोजल लिहायला बसलेल्यांना भूतान फार आवडतो. छोटा देश, दर रात्रीमागे ठरलेलं शुल्क, आणि ते एका ठरावीक तारखेला बदललेलं. म्हणजे 'आधी' आणि 'नंतर' आयतंच मिळालं! पण इतकं सोपं ते नाही. का नाही, हे कळायला प्रवेशाचे नियमच बारकाईने वाचावे लागतात.

आधी सध्याचे नियम. भारतीयांना भूतानसाठी व्हिसा लागत नाही, परमिट लागतं. त्यासाठी किमान सहा महिने मुदत शिल्लक असलेला पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र चालतं. आधार कार्ड चालत नाही. शाश्वत विकास शुल्क, ज्याला सगळे एसडीएफ म्हणतात, ते भारतीयांना माणशी रात्रीला १२०० रुपये आहे; सहा ते बारा वयाच्या मुलांना निम्मं, त्याहून लहानांना माफ. बाकी बहुतेक देशांच्या लोकांना व्हिसा काढावा लागतो. त्याची फी ४० डॉलर, शिवाय रात्रीला १०० डॉलर एसडीएफ. हा दर ३१ ऑगस्ट २०२७ पर्यंतचा म्हणून जाहीर झालाय.

आता थोडं मागे जाऊ. भूतानने परदेशी पर्यटकांना दार उघडलं ते १९७४ मध्ये. धोरण तेव्हापासून साधारण एकच: माणसं कमी, पैसा जास्त. कोविडच्या आधी डॉलरवाल्या पर्यटकाला रोज किमान २०० डॉलरचं (सीझनमध्ये २५०) पॅकेज घेणं सक्तीचं होतं. राहणं, जेवण, गाईड, गाडी असं सगळं त्यातच, आणि ६५ डॉलर एसडीएफही त्यातच. २३ सप्टेंबर २०२२ ला देश पुन्हा उघडला तेव्हा पॅकेजची सक्ती गेली आणि एसडीएफ २०० डॉलर झालं. वर्षभराने, सप्टेंबर २०२३ मध्ये, ते १०० वर आणलं.

बातम्यांमध्ये हे '६५ चे २००, म्हणजे तिप्पट वाढ' असं आलं. आकडा खरा आहे, पण तुमच्या मॉडेलमध्ये 'किंमत' म्हणून तोच टाकलात तर गडबड होईल. आधीच्या २५० मध्ये हॉटेल होतं, नंतरच्या २०० मध्ये नाही. पर्यटकाच्या खिशातून एका दिवसाला एकूण किती जातात, हे वेगळं मोजावं लागेल. पाच हजारांचं हॉटेल घेणाऱ्याला आणि पंचवीस हजारांचं घेणाऱ्याला झालेली वाढ सारखी नाही.

दुसरी अडचण याहून मोठी. शुल्क वाढलं आणि सीमा उघडली ती एकाच दिवशी. २०१९ मध्ये तीन लाखांहून जास्त पर्यटक आले होते, २०२३ मध्ये लाखाच्या किंचित वर. ही घट शुल्कामुळे की कोविडनंतर प्रवास सावकाश सुरू झाल्यामुळे? नुसत्या वार्षिक आकड्यांवरून ते सुटं करता येत नाही.

मग बरेच जण म्हणतात, भारतीयांना कंट्रोल ग्रुप धरू. युक्ती छान वाटते, पण भारतीयांना पूर्वी हे शुल्क शून्य होतं. १२०० रुपयांचा कायदा २०२० च्या सुरुवातीला झाला, लागू व्हायची तारीख त्याच वर्षीचा जुलै. आणि मार्चपासून पर्यटन बंद! म्हणजे कागदावर तारीख २०२० ची, पण पर्यटकाला ते जाणवलं २०२२ मध्ये. तुमचा 'कंट्रोल' गटही त्याच वेळी बदलला. शिवाय २०१९ च्या त्या तीन लाखांत दोन लाखांहून जास्त भारतीयच होते, त्यामुळे 'भूतानमध्ये पर्यटक कमीच येतात' हे वाक्य कोणत्या गटाबद्दल आहे, तेही आधी ठरवावं लागतं.

माझ्या मते जास्त चांगला प्रश्न मुक्कामाचा आहे. शुल्क दर रात्रीमागे आहे, दर भेटीमागे नाही. मग माणूस येणंच टाळतो, की येतो पण दोन रात्री कमी राहतो? मुंबई-पुण्याच्या चौकोनी कुटुंबाला, दोन मोठे आणि दहा-आठ वर्षांची दोन मुलं, सहा रात्रींचे २१,६०० रुपये होतात. पाच केल्या तर ३६०० वाचतात. अशी काटछाट पर्यटकांच्या संख्येत दिसणारच नाही.

आणि फील्डवर्कला जाणार असाल तर एक गोष्ट अगदी स्पष्ट सांगते. पर्यटक परमिट हे फिरण्यासाठीचं आहे. त्यावर जाऊन हॉटेलवाल्यांच्या मुलाखती गोळा केल्या, तर इथल्या एथिक्स कमिटीला काय दाखवणार? आरोग्यावरच्या अभ्यासाला तिथल्या आरोग्य संशोधनाच्या एथिक्स बोर्डाची मान्यता लागते, वनस्पती-प्राण्यांचे नमुने घ्यायचे तर राष्ट्रीय जैवविविधता केंद्राकडे जावं लागतं. सामाजिक सर्वेक्षणासाठी तिथल्या एखाद्या कॉलेजातला किंवा संस्थेतला सहकारी शोधा आणि परवानगीचा अर्ज त्याच्यामार्फत करा. हे सगळं प्रपोजलच्या वेळापत्रकात वेगळी ओळ म्हणून दाखवा, तिकिटाच्या आधी.