नोंदीत गाव सापडत नाही तेव्हा : 'लाइक' आणि नंदिगड्डे

जुन्या कागदांच्या नोंदी आता बरेच जण संगणकावर कोष्टकात भरून ठेवतात. नोंदी हजारांवर गेल्या की डोळ्यांनी शोधणं संपतं आणि एसक्यूएलचा प्रश्न लिहावा लागतो. उत्तर आलं ‘शून्य नोंदी’, की आपण समजतो, गावाचा उल्लेखच नाही. प्रत्यक्षात शून्याचा अर्थ एवढाच, की आपण दिलेला साचा कुठेही जुळला नाही. हा फरक जोयडा तालुक्यातल्या नंदिगड्डे या गावावरून पाहू.

गाव = 'नंदिगड्डे' असं विचारलं तर अक्षर न् अक्षर तेच हवं. त्याऐवजी ‘लाइक’ वापरला की दोन चिन्हं हाताशी येतात. % म्हणजे कितीही अक्षरं, अगदी एकही नसलं तरी चालेल. _ म्हणजे नेमकं एक. (लाइकसारखे आज्ञाशब्द टंकताना रोमन लिपीत द्यायचे, साचा मात्र नागरीत चालतो.)

इथे नागरीची एक गोम आहे. पोस्टग्रेस किंवा एसक्यूलाइटच्या लेखी ‘एक अक्षर’ म्हणजे आपलं जोडाक्षर नव्हे. काना, वेलांटी, अनुस्वार, हलन्त यांची प्रत्येकाची वेगळी मोजणी होते. ‘ड्डे’ आपल्याला एक दिसतं, पण संगणकाला ते चार : ड, हलन्त, ड, मात्रा. याचा फायदाही होतो. 'नंद_गड्डे' या साच्यातली _ वेलांटीच्या जागी बसते, त्यामुळे नंदिगड्डे आणि नंदीगड्डे दोन्ही सापडतात. मोडी कागदांसाठी हे फार उपयोगी आहे. मोडीत ऱ्हस्व-दीर्घ पाळलेलं नसतं, त्यामुळे वेलांटी पहिली की दुसरी हे लिप्यंतर करणाराच ठरवतो.

पण नन्दिगड्डे असं लिहिलेलं असेल तर हा साचा चुकतो. शिवाय कन्नडात भातखाचराला गद्दे म्हणतात, त्यामुळे कन्नड कागदावरून उतरवून घेणारा नंदिगद्दे लिहू शकतो. मग जाळं मोठं करावं म्हणून 'न%द%ग%' दिलं, की शेजारच्या खानापूर तालुक्यातलं नंदगडही आत येतं. तेच नंदगड, जिथे 1831 साली संगोळ्ळी रायण्णाला फाशी दिली. दोन तालुके एकमेकांना लागून असल्यामुळे नोंद वाचताना संशयही येत नाही, आणि एका गावाचा इतिहास दुसऱ्याच्या नावावर चढतो. न सापडण्यापेक्षा हे जास्त घातक.

पोस्टग्रेसमध्ये ~ या चिन्हापुढे पर्याय मोजून देता येतात : '(नं|नन्)(दि|दी)ग(ड्ड|द्द)'. यात आठ रूपं बसतात आणि नंदगड बाहेर राहतं, कारण त्यात ‘दि’ नाही.

शेवटचा ‘े’ मुद्दामच सोडला आहे. मराठीत विभक्ती लागली की नाव बदलतं : नंदिगड्ड्यास, नंदिगड्ड्याचा. सारांशाच्या रकान्यात शोधताना '%नंदिगड्डे%' दिलं तर ही रूपं निसटतात, '%नंदिगड्ड%' दिलं तर सापडतात.

तालुक्याचं नाव आणखी गंमत करतं. काळी नदीवरच्या धरणात सुपा गाव बुडालं आणि तालुक्याचं ठाणं जोयड्याला गेलं. त्याआधीच्या कागदांत तालुका सुपा म्हणूनच येतो, तेव्हा फक्त 'जोय%' शोधणाऱ्याच्या हाती अलीकडचेच कागद लागतील. 'सुपा%' दिलं तर ‘सुप्यास’ निसटतं आणि वर सुपारीच्या सगळ्या नोंदी गोळा होतात! 'सुप%' मध्ये शहाजीराजांच्या जहागिरीतलं पुणे-सुपेही येणार. म्हणून सोबत जिल्ह्याची अट हवी. जिल्हा 1862 मध्ये मद्रासकडून मुंबई इलाख्यात आला आणि 1956 मध्ये म्हैसूर राज्यात गेला, तेव्हा तिथेही 'उत्तर क%' ठेवावं, म्हणजे कानडा आणि कन्नड दोन्ही येतील.

एक छुपा खड्डा. पुणे-सुपे वगळायला जिल्हा नॉट लाइक 'पुणे%' लिहिलं, तर ज्या नोंदीत जिल्ह्याचा रकाना रिकामा, म्हणजे ‘नल’ आहे, तीही गळते. नलची तुलना कशाशीच होत नाही : ती लाइकमध्ये नसते आणि नॉट लाइकमध्येही नसते. जुन्या कागदांत जिल्हा न लिहिलेल्या नोंदी पुष्कळ असतात, म्हणून ‘किंवा जिल्हा इज नल’ ही अट जोडावी.

यावर उपाय म्हणून मूळ नाव ‘सुधारू’ नये. कागदावर जसं आहे तसं एका रकान्यात ठेवावं, शेजारी ‘शोधनाव’ असा दुसरा रकाना करून त्यात आपण ठरवलेलं एकच रूप भरावं. गावाची ओळख पटली नसेल तर तो रकाना रिकामा राहू द्यावा. आणि निबंधात ‘उल्लेख आढळत नाही’ असं लिहायची वेळ आली, तर कोणत्या साच्याने शोधलं तेही लिहावं. म्हणजे पुढच्या माणसाला आपलं जाळं तपासता येईल, आणि कदाचित गावही सापडेल.