‘ट्रिप झाली’ म्हणजे नेमके काय झाले?

लातूर जिल्ह्यातील औसा, निलंगा किंवा रेणापूर तालुक्यातल्या कोणत्याही शिवारात जा. विहिरीच्या काठावर एक लहानशी पेटी दिसेल. तिच्यात पंपाचा स्टार्टर असतो. हिरवे बटण दाबले की मोटर सुरू होते, तांबडे दाबले की बंद पडते. पण कधी कधी कोणीही बटण न दाबता ती आपोआप थांबते. मग शेतावरचा माणूस पेटीत डोकावतो आणि म्हणतो, “रिले ट्रिप झालाय. जरा थंड होऊ द्या, मग रिसेट करू.”

हे शब्द आपल्याकडे लहानथोर सगळे वापरतात. पण इंग्रजीच्या तासाला शिकलेला अर्थ लावायला गेलो, तर मोठी गंमत होते. ट्रिप म्हणजे सहल, रिले म्हणजे क्रीडांगणावरची चार जणांची शर्यत, फॉल्ट म्हणजे चूक, फ्लॅग म्हणजे झेंडा आणि पिकअप म्हणजे बाजाराला माल नेणारी गाडी! विजेच्या उपकेंद्रात हेच शब्द अगदी वेगळ्या आणि काटेकोर अर्थाने वापरले जातात. तो अर्थ नीट न समजल्यास एखाद्याच्या जिवावरही बेतू शकते. ते कसे, हे शेवटी पाहू. आधी या शब्दांशी ओळख करून घेऊ.

घोड्यांपासून तारायंत्रापर्यंत

‘रिले’ हा शब्द मूळचा फ्रेंच. लांबच्या शिकारीत किंवा प्रवासात वाटेवर ठिकठिकाणी ताजेतवाने कुत्रे अथवा घोडे तयार ठेवलेले असत, त्यांना हा शब्द होता. दमलेला घोडा थांबे आणि ताजा घोडा पुढे दौडे. आपल्याकडे जुन्या काळी टपालही टप्प्याटप्प्यानेच जाई.

१८३० नंतरच्या दशकात विद्युत् तारायंत्राचे प्रयोग सुरू झाले, तेव्हा हीच अडचण विजेपुढे आली. लांबच्या तारेतून जाता जाता विद्युत्‌प्रवाह क्षीण होऊन जाई. अमेरिकेतील जोसेफ हेन्री व इंग्लंडमधील एडवर्ड डेव्ही यांच्यासारख्या संशोधकांनी त्यावर युक्ती काढली. क्षीण प्रवाहाने एक विद्युत्‌चुंबक चेतवायचा, त्या चुंबकाने लोखंडाची एक हलकी पट्टी ओढायची आणि त्या पट्टीने ताज्या बॅटरीचे दुसरे मंडल जोडायचे. दमलेल्या घोड्याच्या जागी ताजा घोडा! म्हणून या साधनाला रिले हे नाव मिळाले.

उपकेंद्रातील संरक्षक रिले हा याच कुळातला आहे. ११ किलोव्होल्टच्या वाहिनीतून शेकडो अँपिअर प्रवाह वाहतो. तो थेट रिलेत सोडता येत नाही. म्हणून वाहिनीवर ‘सीटी’ नावाचे प्रवाह-रोहित्र बसवतात. समजा, ते ४०० ला १ या प्रमाणाचे आहे. वाहिनीत ४०० अँपिअर असतील, तेव्हा रिलेकडे १ अँपिअर येईल. हा प्रवाह ठरवलेल्या मर्यादेपुढे गेला की रिले बॅटरीचे मंडल जोडतो. त्या बॅटरीच्या जोरावर ‘ब्रेकर’ हा मोठा खटका उघडतो आणि वाहिनी तुटते. येथे बॅटरीच का? कारण बिघाडाच्या वेळी वाहिनीवरचा विद्युत्‌दाब कोसळलेला असतो. त्याच्यावर विसंबून राहता येत नाही.

ध्यानात घ्या, रिले स्वतः वाहिनी तोडत नाही. तो मोजतो आणि हुकूम देतो. तोडण्याचे काम ब्रेकरचे असते.

पिकअप, ट्रिप, फ्लॅग, रिसेट

आता शब्द एकेक करून घेऊ. ‘फॉल्ट’ म्हणजे कोणाची चूक नव्हे. प्रवाहाने आपली नेमून दिलेली वाट सोडली, दोन तारा एकमेकींना टेकल्या किंवा एखादी तार जमिनीला टेकली, की तो फॉल्ट झाला. वादळात झाडाची फांदी तारेवर पडली, तर त्यात चूक कोणाची?

पूर्वीच्या रिलेत प्रवाह मर्यादेपुढे गेला की चुंबक पट्टीला खरोखरच उचलून घेई. म्हणून ज्या प्रवाहाला रिले जागा होतो, त्याला ‘पिकअप’ म्हणतात. प्रवाह घटला की पट्टी खाली पडे, तो ‘ड्रॉप-ऑफ’. ‘ट्रिप’ म्हणजे अडकवून ठेवलेली कळ सुटणे. उंदराच्या सापळ्याची कळ सुटते, तशीच ब्रेकरची. ताणलेल्या स्प्रिंगेची कळ सुटते आणि ब्रेकर क्षणार्धात उघडतो. ‘फ्लॅग’ म्हणजे कोणत्या रिलेने हुकूम दिला, हे दाखवणारी रिलेवरची रंगीत खूण. आणि ‘रिसेट’ म्हणजे सर्व काही पूर्वस्थितीला आणणे.

यातला पिकअप आणि ट्रिप यांतील फरक विशेष महत्त्वाचा आहे. रिले जागा झाला म्हणजे त्याने लगेच हुकूम दिलाच, असे नाही. पुष्कळ रिले मध्ये थोडा वेळ थांबतात. अशाच एका रिलेचे नाव आहे ‘इन्व्हर्स डेफिनिट मिनिमम टाइम’. नाव लांबलचक खरे, पण त्यातला प्रत्येक शब्द काही तरी सांगतो. इन्व्हर्स म्हणजे व्यस्त: प्रवाह जितका जास्त, तितका थांबण्याचा वेळ कमी. डेफिनिट मिनिमम म्हणजे हा वेळ एका ठरावीक किमान मर्यादेच्या फारसा खाली जात नाही. अशा रिलेच्या प्रमाण आलेखाप्रमाणे प्रवाह मर्यादेच्या दुप्पट असेल, तर तो सुमारे १० सेकंद थांबतो. पाचपट असेल तर सुमारे ४.३ सेकंद आणि दहापट असेल तर सुमारे ३ सेकंद. प्रत्यक्षात हे आकडे एका गुणकाने हवे तसे कमी करून घेतात. जुन्या रिलेत हे काम घरातल्या जुन्या वीजमीटरसारखी एक अ‍ॅल्युमिनिअमची चकती करी. आजच्या रिलेत सूक्ष्म संगणक तेच गणित करतो.

थांबायचे कशाला? एका गावाच्या फाट्यावर बिघाड झाला, तर त्या फाट्याचा रिले आधी हलावा. मागच्या मोठ्या वाहिनीच्या रिलेने त्याची वाट पाहावी. नाही तर एका गावासाठी अख्खा तालुका अंधारात जाईल.

स्टार्टरमधला ओव्हरलोड रिले याच घराण्यातला, पण साध्या रीतीने वागणारा आहे. त्यात दोन वेगवेगळे धातू एकमेकांना चिकटवून केलेल्या पट्ट्या असतात. जादा प्रवाहाने त्या तापतात. दोन्ही धातू सारखे प्रसरण पावत नसल्यामुळे पट्टी वाकते आणि कळ सोडते. तीन फेजांपैकी एक गेला की उरलेल्या दोन तारांत सुमारे पावणेदोन पट प्रवाह जातो व मोटरीचे वेटोळे जळू लागते. अशा वेळी हा रिले बायपास करून ठेवला असेल, तर हंगामात शेतकऱ्यावर मोटर पुन्हा भरून घेण्याचा खर्च पडतो.

नावातच प्रश्न

आता मोठ्या वाहिन्यांकडे वळू. येथे रिलेंची नावे अनेक आहेत. परंतु एक युक्ती लक्षात ठेवली, तर पाठांतराची गरज पडत नाही. प्रत्येक रिले एकच प्रश्न विचारतो आणि तो प्रश्न त्याच्या नावातच असतो.

‘ओव्हरकरंट’ विचारतो: प्रवाह किती? ‘डायरेक्शनल’ विचारतो: तो कोणत्या दिशेला चालला आहे? ‘डिफरेन्शियल’ जमाखर्च तपासतो: रोहित्रात शिरले तेवढे बाहेर पडले का? फरक दिसला, तर वीज आतच कोठे तरी मुरते आहे. ‘डिस्टन्स’ विचारतो: बिघाड किती दूर आहे? तो विद्युत्‌दाबाला प्रवाहाने भागतो. तारेचा दर किलोमीटरचा अवरोध ठाऊक असल्यामुळे भागाकारावरून अंतर निघते. भागाकार लहान आला, तर बिघाड जवळ.

प्रत्येकाला अंकही दिलेले आहेत. ही पद्धत अमेरिकेत सुरू झाली आणि आपल्याकडेही वापरली जाते. डिस्टन्स २१, तात्काळ ओव्हरकरंट ५०, वेळ लावणारा ५१, डायरेक्शनल ६७, डिफरेन्शियल ८७ आणि ब्रेकर ५२. भाषा कोणतीही असो, नकाशावर ८७ दिसला की जमाखर्चवाला रिले ओळखावा.

या यादीत एका माणसाचेही नाव आहे. मॅक्स बुखहोल्ट्स या जर्मन तंत्रज्ञाने १९२१ मध्ये रोहित्रासाठी निराळाच रिले शोधला. तेलाने भरलेल्या रोहित्रात काही जळू लागले की तेलातून वायूचे बुडबुडे निघतात. ते वरच्या नळीत बसवलेल्या बुखहोल्ट्स रिलेत साठतात, त्यातला तरंगता गोळा खाली येतो आणि इशारा मिळतो. आत मोठा बिघाड झाला, तर तेलाचा लोट येऊन रिले सरळ ट्रिपचा हुकूम देतो. जुन्या रिलेंत यासाठी पाऱ्याचे स्विच असत. अशा स्विचमधला पारा भूकंपाच्या धक्क्यानेही हिंदकळून मंडल जोडू शकतो, आणि मग रोहित्र धडधाकट असतानाही बंद पडते. म्हणून भूकंपप्रवण भागासाठी चुंबकाने चालणारे वेगळे स्विच वापरले जातात. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटेचा किल्लारीचा भूकंप ज्या जिल्ह्याने सोसला, तेथील विद्यार्थ्यांना या काळजीचे महत्त्व वेगळे सांगायला नको.

रिलेही फसतो

रिलेच्या चुका दोन तऱ्हेच्या असतात. जेव्हा हलायला हवे, तेव्हा न हलणे ही पहिली. हलायला नको, तेव्हा हलणे ही दुसरी. पहिली चूक न करण्याच्या गुणाला ‘डिपेंडेबिलिटी’ म्हणतात आणि दुसरी न करण्याच्या गुणाला ‘सिक्युरिटी’. येथे सिक्युरिटीचा अर्थ दारावरचा रखवालदार नव्हे!

दुसऱ्या चुकीचे मोठे उदाहरण आपल्याच देशात घडले. ३० जुलै २०१२ च्या मध्यरात्रीनंतर मध्य प्रदेशातील बिना ते ग्वाल्हेर या ४०० किलोव्होल्टच्या वाहिनीवर फार मोठा भार आला होता. शेजारची वाहिनी सुधारणेच्या कामासाठी बंद होती. प्रवाह वाढला, विद्युत्‌दाब उतरला, म्हणून भागाकार लहान आला. डिस्टन्स रिलेला वाटले, बिघाड झाला आहे. प्रत्यक्षात बिघाड कोठेच नव्हता. तरीही वाहिनी ट्रिप झाली, तिचा भार दुसऱ्या वाहिन्यांवर पडला आणि उत्तर भारताची वीजयंत्रणा कोसळली. दुसऱ्याच दिवशी पूर्व व ईशान्य भारतही तिच्याबरोबर अंधारात गेले. साठ कोटींहून अधिक वस्तीच्या प्रदेशाला याची झळ बसली. भार वाढून बिघाडासारखा भासणे, याला ‘लोड एन्क्रोचमेंट’ म्हणतात. एन्क्रोचमेंट म्हणजे अतिक्रमण. शेजाऱ्याने बांध कोरला की काय होते, ते शेतकऱ्याच्या मुलाला सांगावे लागत नाही.

पडलेली तार

आता पहिल्या चुकीकडे येऊ. ही तुमच्या-आमच्या जिवाशी संबंधित आहे.

वादळात ११ किलोव्होल्टची एक तार तुटून कोरड्या मुरमाड जमिनीवर पडली, अशी कल्पना करा. पाहणारा म्हणतो, “तार तुटली म्हणजे लाइन ट्रिप झालीच असणार.” खरोखरच झाली असेल का? गणित करून पाहू. एका तारेचा जमिनीशी विद्युत्‌दाब ११,००० भागिले १.७३२, म्हणजे सुमारे ६,३५० व्होल्ट. समजा, तार आणि कोरडी जमीन यांमधला रोध ५०० ओहम आहे. ओहमच्या नियमाप्रमाणे प्रवाह सुमारे १३ अँपिअर. आता समजा, जमिनीकडे जाणारा प्रवाह पाहणाऱ्या रिलेचा पिकअप ४० अँपिअर आहे. १३ हे ४० पेक्षा कमी! रिले जागाच होणार नाही. ब्रेकर उघडणार नाही. तार मातीत निपचित पडलेली दिसेल, ठिणगीसुद्धा कदाचित दिसणार नाही. पण ती पूर्ण जिवंत असेल. पावसाने जमीन ओली होऊन रोध ५० ओहमवर आला असता, तर प्रवाह १२७ अँपिअर झाला असता आणि रिले हलला असता.

माणसाचा जीव घ्यायला मात्र १३ अँपिअरही लागत नाहीत. घरातला गळती-रक्षक स्विच ३० मिलिअँपिअरला, म्हणजे एका अँपिअरच्या शंभराव्या भागाच्या तिपटीला वीज तोडतो, तो उगीच नव्हे.

आणि लाइन ट्रिप झाली असली, तरी काय? पुष्कळ बिघाड क्षणिक असतात. फांदी टेकते आणि निसटते. म्हणून थोड्या वेळाने ब्रेकर पुन्हा जोडून पाहतात. कोठे तो हाताने जोडतात, तर कोठे ७९ क्रमांकाचा ‘रिक्लोजिंग’ रिले आपोआप जोडतो. एका क्षणी मेलेली तार दुसऱ्या क्षणी जिवंत होते.

म्हणून दोन्ही वाक्ये पक्की लक्षात ठेवा. लाइन ट्रिप झाली नाही, याचा अर्थ बिघाड नाही असा होत नाही. लाइन ट्रिप झाली, याचा अर्थ तार सुरक्षित आहे असाही होत नाही. ट्रिप या शब्दाचा अर्थ एवढाच, की त्या क्षणी ब्रेकरची कळ सुटली.

पडलेली तार दिसली, तर निदान पस्तीस फूट दूर राहा. गुराढोरांना आणि माणसांना तिकडे जाऊ देऊ नका. काठीने ती बाजूला सारण्याचा मोह टाळा आणि वीज कंपनीच्या १९१२ या क्रमांकावर ताबडतोब कळवा. वाहिनी बंद करून, ती जमिनीला जोडून, मगच वीज कर्मचारी तारेला हात लावतात. त्यांना रिलेचे सगळे शब्द ठाऊक असतात, म्हणूनच ते केवळ ‘ट्रिप’ या शब्दावर विश्वास ठेवत नाहीत.

शिक्षकांनी एखादे दिवशी परवानगी काढून मुलांना जवळच्या उपकेंद्राचा नियंत्रण कक्ष बाहेरून दाखवावा. ५१, ६७, ८७ हे अंक तेथे भेटतील. मुलांनी घरी येऊन विहिरीवरच्या पेटीतला रिले कोणता प्रश्न विचारतो, हे वडीलधाऱ्यांना समजावून सांगावे. पेटी उघडण्याचे काम मात्र त्यांच्याकडेच राहू द्यावे.