कृष्णविवरात मावतं तरी किती?

या लेकरांनो, बसा असे जवळ. बीडची खजाना विहीर पाहिलीय ना? निजामशाहीच्या काळातली, चारशे वर्षांहून जुनी. आता सांगा, तिचा घेर दुप्पट केला आणि खोलीही दुप्पट केली, तर पाणी किती मावेल? घेरामुळं चौपट, खोलीमुळं आणखी दुप्पट, म्हणजे आठपट. पण या विश्वात एक वस्तू अशी आहे, की ती दुप्पट मोठी झाली तरी तिच्यात चौपटच मावतं. ती म्हणजे कृष्णविवर.

एखाद्या प्रचंड ताऱ्याचं इंधन संपलं, की तो स्वतःच्याच भारानं आत कोसळतो. त्याच्याभोवती एक सीमा तयार होते. तिच्या आत गेलेला प्रकाशसुद्धा परत येत नाही. आपल्या सूर्याचं कृष्णविवर होणार नाही, तेवढा तो जड नाही. पण कुणी दाबून केलंच, तर ही सीमा मध्यापासून जेमतेम ३ किलोमीटरवर येईल.

आता मावतं म्हणजे काय मावतं? मांडण्या! बाहेरून एकसारखी दिसणारी वस्तू आतून किती तऱ्हांनी रचलेली असू शकते, याच्या मापाला एन्ट्रॉपी म्हणतात. १९७२ साली जेकब बेकेनस्टाइन नावाच्या तरुण संशोधकानं सांगितलं, की कृष्णविवरालाही एन्ट्रॉपी असते आणि ती सीमेच्या क्षेत्रफळावर ठरते, आतल्या घनफळावर नाही. स्टीफन हॉकिंगना ते मुळीच पटलं नाही. पण १९७४ साली त्यांच्याच गणितातून निघालं, की कृष्णविवराला तापमान असतं. आणि तापमान असेल, तर एन्ट्रॉपीही असणारच. बेकेनस्टाइन खरा ठरला. हॉकिंगनी नेमका आकडाही दिला: निसर्गातल्या सर्वांत सूक्ष्म मापानं ते क्षेत्रफळ मोजायचं आणि चारनं भागायचं.

यातूनच एक मर्यादा निघते. ठरावीक जागेत तुम्ही पदार्थ कोंबत गेलात, तर शेवटी त्याचं कृष्णविवर होतं. त्यानंतरही कोंबलंत, तर ते विवरच फुगतं आणि जागेबाहेर जातं. म्हणजे त्या जागेत त्याहून जास्त काही मावूच शकत नाही.

मग कुणी विचारेल, लांबी, रुंदी, उंची यांखेरीज आणखी दिशा असल्या तर? स्ट्रिंग सिद्धांताला अवकाशाच्या नऊ दिशा लागतात. जादाच्या सहा इतक्या घट्ट गुंडाळलेल्या, की त्या अजून कुणाला दिसलेल्या नाहीत. समजा, नऊही दिशा मोकळ्या आहेत आणि विवर दुप्पट केलं. घनफळ होईल ५१२ पट, सीमा मात्र २५६ पट. एन्ट्रॉपीसुद्धा २५६ पटच! दिशा कितीही वाढवा, हिशोब सीमेचाच राहतो.

पण त्या मांडण्या खरोखर कुणी मोजल्या का? १९९६ साली अँड्र्यू स्ट्रॉमिंजर आणि कुमरुन वाफा यांनी पाच मितींचं, म्हणजे अवकाशाच्या चार आणि काळाची एक, असं खास कृष्णविवर कागदावर घेतलं आणि त्याच्या मांडण्या मोजल्या. उत्तर आलं क्षेत्रफळाचा चौथा हिस्सा. ज्या जादा मिती ऐकून माणसं बिचकतात, त्यांच्यामुळंच ही मोजणी जमली.

पुढचा मोठा वाटा आपल्या मराठी माणसाचा. अतिश दाभोलकर, जन्म कोल्हापूर जिल्ह्यातल्या गडहिंग्लजचा. आइन्स्टाइनच्या जुन्या समीकरणांनी ज्यांच्या सीमेचं क्षेत्रफळ शून्य येत होतं, अशी चिमुकली कृष्णविवरं त्यांनी २००४ साली घेतली. स्ट्रिंग सिद्धांतानं सुचवलेल्या सूक्ष्म दुरुस्त्या समीकरणांत घातल्या, आणि एन्ट्रॉपी मांडण्यांच्या मोजणीशी जुळली. पुढे २०१२ साली समीर मूर्ती आणि डॉन झागिए यांच्यासह त्यांनी दाखवलं, की अशा मोजणीत थोर गणिती रामानुजनची ‘मॉक थीटा’ फलनं ज्या घराण्यातली, तसलंच गणित लागतं. रामानुजननं ती १९२० साली, मृत्यूच्या काही महिने आधी, इंग्रज गणिती हार्डींना पत्रातून कळवली होती. कृष्णविवर हा शब्दही तेव्हा नव्हता! दाभोलकर २०१९ साली इटलीतल्या ट्रिएस्टच्या आयसीटीपी या नामांकित संस्थेचे संचालक झाले.

आणि हे सगळं कागदावरच आहे असं समजू नका. दोन विवरं एक झाली तर एकूण क्षेत्रफळ घटत नाही, हा हॉकिंगचा १९७१ चा नियम. जानेवारी २०२५ मध्ये गुरुत्वीय लहरी पकडणाऱ्या अमेरिकेतल्या लायगो वेधशाळांनी अशी एक टक्कर टिपली. आधी दोघांचं मिळून सुमारे २ लाख ४० हजार चौरस किलोमीटर, नंतर एकाचं सुमारे ४ लाख. म्हणजे आधी आपल्या महाराष्ट्राहून कमी, नंतर महाराष्ट्राहून जास्त.

तसलीच लायगो-इंडिया वेधशाळा आपल्या मराठवाड्यात होते आहे. परळीच्या वैजनाथाहून निघा, परभणी ओलांडा, की हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथ. तिथंच. केंद्र सरकारनं २०२३ साली तिच्यासाठी २,६०० कोटी रुपये मंजूर केले. तिथं काम करायला गणित आणि भौतिकशास्त्र मनापासून शिकलेली माणसं लागतील. ती बाहेरूनच का यावीत? गणिताची वही मिटू नका, लेकरांनो. त्या वेधशाळेत बीडची मुलं-मुली असायलाच हवीत.